मधला फोटो

प्रेमानंदने मधला फोटो काढून टाकला, तसे पडद्यावरचे दोन्ही भाऊ सरकले आणि एकमेकांना चिकटले.

"हे काय केलं, काका?" जाकीर खुर्चीतून उठला. "मले याच्याजवळ काऊन बसवलं?"

"मले तरी कोठी हौस हाय तुह्याजवळ बसाची," अजहर दारातूनच म्हणाला.

प्रेमानंदने चष्मा काढून डोळे चोळले. "मी नाही बसवलं, बाबा. जे असन ते मधोमध घे, एवढंच या पानाले सांगून ठेवलं हाय. तिघं होते तं तिघं मधात. आता दोघं उरले तं दोघं मधात. आपोआप येतात."

बोलता बोलताच त्याला शंका आली. पन्नाशी उलटल्यावर तो हे वेबसाइट बनवण्याचं काम शिकला होता. त्याआधीची सगळी वर्षं खामगावात लग्नपत्रिका जुळवण्यात गेली. एखाद्या नव्या मुलाला याहून साधा उपाय माहीत असेल, असं त्याला प्रत्येक कामात वाटायचं.

हे पान गादी-रजईच्या दुकानाच्या वेबसाइटचं होतं. दुकान फकीर मोहम्मदांचं. ते वारले, त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधी काल झाला. गेलेल्या माणसाचा फोटो त्यांच्या घरात लावत नाहीत, म्हणून मधला त्यांचा फोटो काढून घ्यायला त्यांची बायको गुलनारबी दोन्ही मुलांना घेऊन स्वतः आली होती. वडील गेल्यापासून मुलं एकमेकांशी धड बोलत नव्हती. अजहरने धामणगाव बढ्याला वेगळ्या गाळ्याची बोलणी केली होती. गुलनारबीचं म्हणणं एवढंच होतं की पान एक राहावं, दुकान एक राहावं.

प्रेमानंदने पडद्यावर एकाला डाव्या कडेला नेलं, दुसऱ्याला उजव्या.

"हे तं कोर्टात उभे केल्यावानी दिसते," जाकीर म्हणाला. "गिऱ्हाईक काय म्हणन?"

"खरं तेच म्हणन," अजहर म्हणाला.

मग प्रेमानंदने फोटो एकाखाली एक घेतले. वर जाकीर आला.

"वा! माह्या डोक्यावरच बसवा आता याले," अजहर म्हणाला.

"मोठा कोण हाय बे?"

"उमरीनं मोठा हायेस. गिऱ्हाईक कोण बोलावते ते सांग."

प्रेमानंदने माउस सोडला. मान दुखत होती. आपल्याला येत नाही, दुसरीकडे जा, असं सांगून टाकावं असं त्याला वाटलं.

"जाऊ द्या, काका," अजहर म्हणाला. "दोन पानं करा. एक त्याचं, एक माह्यं. झंझटच नको."

जाकीर नाही म्हणाला नाही.

गुलनारबीने ओढणी डोक्यावर सारखी केली. "प्रेमानंदभाऊ," ती म्हणाली, "आधी होते तसे नाही राहत का हे दोघं?"

"मधात काहीतरी असल्याबिगर नाही राहत, भाभी."

असं म्हणून तो पडद्याकडे वळला. मग कीबोर्ड जवळ ओढून त्याने दोन फोटोंच्या मधे एक चौकट टाकली. मघाशी काढलेला फोटो होता तेवढ्याच रुंदीची. तिला रंग दिला नाही, कड दिली नाही. आत काही लिहिलं नाही.

पडद्यावरचे दोन्ही भाऊ आपापल्या जागी परत गेले.

अजहर दारातून आत आला. दोघांनी दोन बाजूंनी वाकून पाहिलं.

"हं. हे बराबर हाय," जाकीर पडद्यावर बोट ठेवत म्हणाला.

"चालते," अजहर म्हणाला. त्याचंही बोट पडद्यावर होतं.

गुलनारबी पुढे झाली. त्या दोघांच्या मधल्या पांढऱ्या जागेकडे ती बराच वेळ पाहत राहिली. "इथं काय हाय?"

"काही नाही, भाभी. रिकामी चौकट हाय. दिसत नाही, पण जागा धरून ठेवते."

"किती दिवस टिकन हे असं?"

"कोणी हात लावत नाही तोवर," प्रेमानंद म्हणाला.

जाकीरने पडद्यावरचं बोट हळूच मागे घेतलं. अजहरनेही घेतलं.