सोमवारची सही

"ताप उतरला का गं पोरी?" दोन्या ओतिलियांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नोएमीच्या कपाळावर हात ठेवला.

नोटरीच्या कचेरीत आत कागद तयार होत होते. बाहेरच्या बाकावर या दोघी बसल्या होत्या. दोन्या ओतिलिया, म्हणजे ओतिलियाबाई, घर विकणाऱ्या, आणि अकरा महिने गिऱ्हाइकं आणून आणून शेवटी ते घर खपवणारी नोएमी. घराच्या चाव्या अजून नोएमीच्याच पर्समध्ये होत्या. दुसऱ्या कुणाकडे द्यायला म्हातारीने साफ नकार दिला होता.

"कसला ताप, दोन्या ओतिलिया?"

"अगं, एलिसेओनं बुधवारी फोन केला होता. म्हणाला, नोएमी तापानं फणफणलीय, गुरुवारची सही सोमवारवर ढकलू. मी म्हटलं, ढकला. तू नसताना मी कशाला सही करतेय?" त्यांनी पुन्हा कपाळ चाचपलं. "आता गार आहे. बरं झालं."

नोएमीला एलिसेओने सांगितलं होतं की गुरुवारी नोटरीसाहेबांना सवड नाही.

गुरुवारी ती एलिसेओच्या घरदलालीच्या ऑफिसात अजून नोकरीला होती. शुक्रवार तिचा शेवटचा दिवस होता. आज सोमवार, आज ती तिथली कुणीच नव्हती. ऑफिसच्या भिंतीवरचा नियम तिने नऊ वर्षं रोज वाचला होता: सहीच्या दिवशी जो नोकरीत नाही, त्याला दलालीत वाटा नाही. बाकीचे एजंट शहाणे. पैसे हातात पडेपर्यंत नोकरी सोडायचा बेत स्वतःच्या सावलीलाही कळू देत नाहीत. नोएमीने मात्र पंधरा दिवस आधी, तारीख घालून, राजीनामा दिला. कारण एलिसेओ नुसता मालक नव्हता, कोंपाद्रे होता. तिच्या मुलीला, दाफनेला, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून त्यानेच हातावर धरलं होतं; तेव्हापासून तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. अशा नात्यात लपवाछपवी करत नाहीत. तोही म्हणाला होता, "या घराची दलाली तुमचीच, कोमाद्रे. आपल्यात कागद कशाला?"

ती उठली. एलिसेओ कोपऱ्यात कॉफी ओतून घेत होता.

"माझे बहात्तर हजार पेसो, कोंपाद्रे?"

"नियम ऑफिसचा आहे हो. माझ्या हातात असतं तर..."

"ऑफिस कुणाचं आहे?"

"माझंच. म्हणून तर मोडता येत नाही. उद्या सगळेच मागायला येतील."

"आणि माझा ताप?"

एलिसेओ कॉफी ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

"दाफनेच्या समारंभाची काळजी करू नका," तो शेवटी म्हणाला. "केक माझ्याकडे आहे ना? चार मजली सांगितलाय. मी दिलेला शब्द मोडत नाही."

दाफनेला पंधरा पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते. पोरीचा पंधरावा वाढदिवस म्हणजे लग्नासारखा थाट, तो एकट्या घराला पेलत नाही, म्हणून सगळं कधीच वाटून झालं होतं: झगा मावशीचा, बँड मामाचा, केक एलिसेओचा, हॉल आईचा, म्हणजे नोएमीचा. हॉलचे उरलेले पैसे येत्या शुक्रवारपर्यंत भरायचे होते, ते याच बहात्तर हजारांतून. हॉल गेला याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त सलत होतं ते हे, की तिला लुबाडायला याने तिच्याच तब्येतीची काळजी पुढे केली. केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा.

आतून हाक आली.

पर्समध्ये हात घालून नोएमी क्षणभर दारात थांबली. चाव्या घेऊन सरळ रस्त्याला लागावं, असं तिच्या मनात आलं. मग दोन्या ओतिलियांनी उठायला तिचा दंड धरला, आणि ती त्यांच्याबरोबर आत गेली.

सह्या झाल्या. घर घेणारं जोडपं तरुण होतं. नोएमीने एकेक चावी त्यांच्या हातावर ठेवली. "ही फाटकाची. ही मागच्या दाराची. पावसाळ्यात फुगतं ते दार, जरा वर उचलून ढकला. आणि गच्चीच्या कुलपाला तेल घाला महिन्याला." एवढं सगळं त्या घराबद्दल एलिसेओला ठाऊक नव्हतं. तो दोनदाच तिथे गेला होता, एकदा फोटो काढायला आणि एकदा पाटी लावायला.

कागद गोळा झाले. एलिसेओ खुशीत होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने त्याने विचारलं, "बरं कोमाद्रे, एक राहिलंच. माझ्या धर्मकन्येच्या केकवर काय लिहायचं? तिचं नाव, पंधरा वर्षं, आणि खाली तारीख, बरोबर?"

नोएमीने रिकाम्या पर्सची चेन लावली.

"नाव घाला. तारीख नका घालू, कोंपाद्रे. त्या दिवशी कुणाला ताप येईल, काय सांगावं."

एलिसेओने हसायला तोंड उघडलं. पण दोन्या ओतिलिया त्याच्याकडेच बघत होत्या.