कपाळापर्यंत

“पुन्हा नुसती चाचणीच? तेच तारा जोडलेले हातमोजे घालून?” सुमंतताईंनी विचारलं.

“हो ना. तासभर लेथ चालवून घेतला, हात छान आहे म्हणाले, कळवतो म्हणाले,” बासष्ट वर्षांचे टर्नर दगडूअण्णा म्हणाले.

सुमंतताई निवृत्तीनंतर वयस्कर कामगारांना विनामोबदला नोकऱ्या शोधून द्यायच्या. या एका कारखान्यात त्यांनी अकरा जण पाठवले होते. सगळ्यांचं काम पसंत पडलं, घेतलं मात्र एकालाही नाही. जाहिरात तर दर सोमवारी ताजी! कुठेतरी पाणी मुरत होतं.

“चला अण्णा, मलाच बघू दे.”

कारखान्याच्या मॅनेजरने दोघांना अभिमानाने आत नेलं. लेथच्या रांगेत माणूस एकही नव्हता, प्रत्येक लेथसमोर नुसता एक पोलादी हात.

“अगदी मुरलेल्या कारागिरासारखं काम करतात,” तो म्हणाला.

“यांना शिकवलं कोणी?”

मॅनेजर घड्याळ बघू लागला. अण्णांनी जवळच्या लेथला दोन बोटं लावून ती कपाळाला टेकवली. “चाळीस वर्षांची सवय,” ते ओशाळून म्हणाले.

तेवढ्यात पाळीचा भोंगा वाजला. रांगेतल्या प्रत्येक पोलादी हाताने आपापल्या लेथला दोन बोटं लावली, आणि मग ती वर नेऊन हवेत टेकवली, कपाळ असायला हवं होतं तिथे.