अनुनाद नळीपाशी

“हे वाचन तू पुस्तकातून उतरवलं आहे,” आनंदराव ठोंबरे म्हणाले, तशी ताराची नजर पट्टीवरून वर आली.

“नाही सर. जिथं नळी घुमली, तिथंच पाणी थांबवलं मी.”

एप्रिल लागला होता. ध्वनीचे प्रयोग चालू असले की प्रयोगशाळेतले पंखे बंद ठेवावे लागत, त्यामुळे बी.एस्सी. भाग एकची मुलंमुली घामानं निथळत उभी होती. आनंदराव तिथले डेमॉन्स्ट्रेटर. प्रयोग तपासायचे आणि सही करायचे. नादकाट्याचा सूर नळीतल्या हवेशी जुळला की नळी एकाएकी घुमते. ती घुमली की पाण्याची पातळी मोजून लिहायची, एवढाच प्रयोग. एरवी आनंदराव विद्यार्थ्यांचे चेहरे पाहत. चेहरा उजळला की मान डोलवून पुढच्या टेबलाकडे जात. आज तारा खाली पाण्याकडेच पाहत राहिली होती, आणि त्यांना काही कळलं नव्हतं.

“वाजवून दाखव मले.”

तारानं नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटला, नळीच्या तोंडावर धरला आणि पाणी हळूहळू खाली नेलं. एका जागी तिचा हात थांबला.

“हे पहा, सर.”

आनंदराव वाकले. नळीला जवळजवळ कान लावला.

“कुठं? काहीच नाही वाजून राहिलं. अशी खोटी वाचनं लिहून पास होणार काय तू?”

 तारानं काटा पुन्हा आपटला, या वेळी जोरात. पलीकडच्या टेबलावरच्या चौघांनी माना वळवल्या. खिडकीजवळचा एक मुलगा हसू दाबायला खाली वाकला. आनंदरावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या मानेवरचा घाम गार पडला. नळी घुमत होती. खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येईल अशी घुमत होती.

‘बरोबर आहे तुझं’ एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

तारा त्यांच्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग तिनं काटा टेबलावर ठेवला.

“माझंच चुकलं, सर,” ती म्हणाली. “आवाज नव्हता. पुन्हा करते मी.”

आणि तिनं त्या बरोबर वाचनावर काट मारली. आनंदरावांनी ती मारू दिली.

तास सुटला, पंखे फिरू लागले. आनंदरावांनी तिला व्हरांड्यात गाठलं. आसपास कोणी नाही हे पाहून ते हलक्या आवाजात म्हणाले, “पहिलंच वाचन लिही. सही करून देतो.”

“हो, सर.”

ते तिथंच घोटाळले. “पण तू खोटं काहून बोलली?”

तारा ओशाळली, जणू तिचीच चोरी पकडली होती. “आमचे बाबा मिलमध्ये लूमवर आहेत, सर. त्या खडखडाटानं कान गेले त्यांचे. आई जेवायले हाका मारते, तर उठत नाहीत. मग तेच आईवर भडकतात, मले बोलावलंच नाही म्हणून.”

हे ती सावकाश, त्यांच्याकडे तोंड करून, खणखणीत आवाजात सांगत होती. जिना उतरणारी पोरं थांबून पाहू लागली. हळू बोल, असं तिला सांगावं हे आनंदरावांच्या ओठांवर आलं. पण हळू बोलली असती, तर त्यांना काहीच ऐकू आलं नसतं.

“मग?” त्यांनी खाली पाहत विचारलं.

तारा थांबली. त्यांनी मान वर करेपर्यंत थांबली.

“मग आई म्हणते, ‘हो, राहूनच गेलं बोलवायचं.’”