मोकाट

पृथ्वीराज हळदीच्या गोदामाच्या दारात उभा राहिला, तेव्हा आत जयराज डोळे मिटून गात होता. ड्रमवरच्या सोनियानं दाराकडं पाहिलं आणि हात थांबवले. जयराजनं ओळ पुरी केली, मगच डोळे उघडले.

पृथ्वीराज म्हणजे ‘रानगवा’ बँडचा गायक. पुण्यामुंबईत त्यांची तिकिटं हातोहात संपायची. जयराज तिथं गिटार वाजवायचा. मलाही गायचंय, असं तो दरवर्षी म्हणायचा आणि पृथ्वीराज दरवर्षी त्याला पुढच्या वर्षावर ढकलायचा. शेवटी मागच्या दिवाळीत जयराज भांडून सांगलीला घरी आला. चुलत्याच्या गोदामात त्यानं स्वतःचा बँड काढला. नाव ठेवलं ‘मोकाट’. गल्लीतल्या सोनियाला ड्रमवर बसवलं आणि गायला स्वतः उभा राहिला.

गळा तसा बरा होता. वरच्या सुराला मात्र तो मेढ्याचा घाट चढणाऱ्या एसटीसारखा व्हायचा. पोचायचा, पण बसलेल्यांचा जीव वर यायचा.

पुढं ‘रानगवा’चा शंभूराज सहज भेटायला म्हणून आला आणि राहिलाच. त्याच्या मागोमाग तानाजी आला. दोघांनी पृथ्वीराजच्या नावानं बोटं मोडली. जयराजला लय बरं वाटलं.

आता खुद्द पृथ्वीराज आला होता. भांडण होणार म्हणून जयराजनं गिटार खाली ठेवली. पृथ्वीराजनं दाराबाहेर चपला काढल्या.

“गड्या, तिकडं आता कुणीच उरलं न्हाई,” तो म्हणाला. “तुझ्याकडं जागा हाय का? मागं हुबा राहीन.”

ह्या दिवसासाठी जयराजनं चार खरमरीत वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. त्यानं सोनियाकडं पाहिलं.

“दादा, राग मानू नका,” ती हळूच म्हणाली. “एकदा त्यास्नी म्हणू द्या.”

गाणं जयराजनंच रचलेलं होतं. पृथ्वीराज कागदात बघून गायला लागला. जयराज पोत्यांना टेकून बसला. आपलं गाणं इतकं चांगलं आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या कडव्याला त्यानं उठून गिटार गळ्यात घातली.

पुढच्या महिन्यात साताऱ्यात ‘रानगवा’ची पोस्टर लागली. ड्रमवर सोनियाचं नाव होतं.

‘मोकाट’ एवढ्यात कसा मोडला, सोडून कोण गेलं, असं लोक अजून जयराजला विचारतात.

“गेलं कुणीच न्हाई,” तो सांगतो. “सगळीच आली, म्हणून मोडला.”