दोन मिनिटांच्या आत

“अरे, बाबांना स्ट्रेचरवर ठेवून तास झाला! तुमच्या कंपनीची मंजुरी आल्याशिवाय ऑपरेशनला आत घेत नाहीत,” ताई फोनवर जवळजवळ ओरडलीच.

हवालदारानं भिंतीवरच्या फलकाकडे पाहिलं. फलक हिरवागार. हॉस्पिटलच्या प्रत्येक अर्जाला दोन मिनिटांत उत्तर, हे विमा कंपनीचं उद्दिष्ट महिनाभर शंभर टक्के गाठलं जात होतं. गाठणारा हाच. कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे त्या कपाटाएवढ्या संगणकावर, हजारो कामं एकदम घुसत. कुणाला सोडायचं, कुणाला थोपवायचं, ते हा ठरवी. म्हणून ऑफिसात याचं नाव हवालदार पडलं होतं.

“ताई, इथे सगळं दोन मिनिटांत जातंय. त्यांनी पाठवलंच नसेल.”

“माझ्या डोळ्यांदेखत पाठवलंय!”

ताई कटकटी होती, पण खोटारडी नव्हती. फलक तर यंत्रच, तो कशाला खोटं बोलेल? मग बाबांचा अर्ज गेला कुठे? हवालदाराचं डोकं चक्रावून गेलं. आधी त्याला हॉस्पिटलचा संशय आला, मग तारांचा, मग स्वतःच्या डोळ्यांचा. शेवटी त्यानं ताईकडून नंबर घेऊन अर्ज शोधला.

अर्ज होता. मागच्या रांगेत. छोटे अर्ज आधी, लांबलचक मागाहून, हा नियम त्यानंच घातला होता आणि साहेबांनी पाठ थोपटली होती. बाबांचा अर्ज लांबलचकच असणार. जन्माची दुखणी त्यात. अशा अर्जांना यंत्राचा उरलासुरला वेळ मिळे. संध्याकाळपर्यंत नंबर लागला नाही, तर अर्ज उत्तराविनाच आपोआप रद्द. हॉस्पिटलनं उद्या नवा पाठवायचा.

बाबांचा एकटा अर्ज पुढे काढणं सोपं होतं. त्याचा हात गेलाही. पण मागेपुढे तसलेच शेकडो अर्ज होते, सगळे म्हाताऱ्याकोताऱ्यांचे. त्यांच्या ताया कुणाला फोन करणार? त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं छोट्या अर्जांना जरा थांबवलं आणि मागची अख्खी रांग सोडली.

थोड्या वेळानं फोन वाजला. “घेतलं रे आत!” ताई रडत होती.

हवालदारानं डोळे पुसले, वर पाहिलं आणि पुन्हा गोंधळला. फलक लाल झाला होता. रांग तर भराभर सरत होती! तुंबलेलं काम उरकतंय, तर लाल कशाला?

साहेब धावतच आले. “काय करून ठेवलंत हो? महिनाभर एक अर्ज उशिरा गेला नाही. आज हे एवढे उशिराचे अर्ज आले कुठून?”

हवालदाराच्या डोक्यात उजेड पडला.

“उशीर रोजच होत होता, साहेब. पण फलक वेळ मोजतो, तो उत्तर गेल्यावर. यांना उत्तर आज पहिल्यांदा मिळतंय.”