चंद्रावरची तागडी

चंद्रावरच्या वस्तीत भंगाराचं एकच जुनं दुकान होतं. तिथला स्प्रिंगचा काटा सहा किलोचं लोखंड एक किलो दाखवायचा आणि मालक तेवढ्याचेच पैसे द्यायचा. म्हणून जालिंदर मोडक्या बग्गीचं चाक घेऊन सकिनाबींच्या नव्या दुकानात आला. सकिनाबींनी दोन पारड्यांची तागडी काढली.

"चाची, इथं सगळंच हलकं होतं. हिच्यावर तरी खरं वजन कसं येणार?"

"अरे, चाकासारखी माझी मापंही हलकी झालीत की! बघ."

चाकासमोर सहा किलोची मापं ठेवताच दोन्ही पारडी बरोबरीत आली.

"माझ्या खाटेखाली वर्षभराचं तांबं पडलंय, चाची. मातीमोलानं द्यायला मन होत नव्हतं."

"मग आण की!"

चंद्रावर सगळेच उड्या मारत चालतात, पण जालिंदरच्या आजच्या उड्या निराळ्याच होत्या.