नळीतला खडा

पित्ताची पिशवी काढून आठ महिने झाले, तरी आईच्या बरगडीखालची कळ काही जाईना. जेवण झालं की ती भिंतीला टेकून घाम पुसत बसायची. "पिशवीच काढलीय, आता खडे कुठून येणार? गॅस असेल," असं म्हणत लेक तिची पाठ चोळायची आणि बाळाला तिच्या मांडीवर देऊन ऑफिसला जायची. पोटची पोर सांगतेय म्हटल्यावर आईलाही ते पटायचं.

मग एक दिवस तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घातली आणि पित्ताच्या नळीत अडकलेला हरभऱ्याएवढा खडा काढला. दुसऱ्या दिवशी जुनी फाइल चाळताना ते थबकले.

"आजी, हा खडा तर ऑपरेशननंतर लगेच तपासणीत दिसला होता. महिन्याभरात काढून घ्या, असं लिहून दिलंय. तुम्ही आला का नाहीत?"

"मला कोणी सांगितलंच नाही."

त्यांनी कागद पुढे केला. 'नातेवाइकांना समजावून सांगितले', असं लिहिलं होतं आणि खाली लेकीची सही होती.

डॉक्टर गेल्यावर आईचा हात धरून बसलेली लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझी रजा संपत आली होती गं. तू परत दवाखान्यात अडकली असतीस, तर बाळाला कोणी सांभाळलं असतं?"

आईने तिच्या हातातला आपला हात सोडवून घेतला.

"मला विचारायचं तरी. मी आपणहून थांबले असते."